टवका उडालेल्या पुढच्या दाताचं काय करायचं?

नगरच्या केडगावात पुढचे दात का तुटतात हे कळायला दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून पाहिलं तरी पुरतं. नगर-पुणे रस्ता वस्तीला खेटून जातो आणि दुचाकी घसरली की हनुवटीबरोबर वरचे मधले दोन दात डांबरावर आपटतात. मैदानावर पोरं कबड्डी खेळतात आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर बसतं. पलीकडे नेप्तीच्या कांदा मार्केटात गोणीची सुतळी दातानं तोडली जाते, वायरिंग करणारा वायरचं वरचं प्लास्टिक दातानं सोलतो, आणि बाटलीचं बूच दातानं काढून दाखवणारा एक तरी मित्र प्रत्येक टोळक्यात असतोच. उसाच्या जिल्ह्यात राहून ऊस दातानं सोलू नका, असं कोण कोणाला सांगणार?

पूर्वी टवका उडालेला माणूस ओठ मिटून हसायला शिकायचा, नाहीतर पैसे जमले की सरळ कॅप बसवून घ्यायचा. आता मोबाइलवर दहा सेकंदांत बदललेलं हसू पाहून आलेला पेशंट थेट विचारतो, ‘‘डॉक्टर, व्हिनिअर बसवता का? किती पडतील?’’

किती पडतील हे सांगता येतं. बसवायचं का, हे आरशात पाहून ठरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढच्या दातासाठी सिरॅमिक व्हिनिअर हा फार उत्तम उपाय आहे, पण मागायला येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. ज्यांना गरज असते त्यांतल्या काहींच्या दातावर ते टिकण्याइतकं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, उरलेलं नसतं. सिरॅमिक कोणत्या कंपनीचं यावर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मीही एनॅमल किती शिल्लक आहे यावर होत नाही.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला सिरॅमिकचा पापुद्रा. जाडी साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर. त्याच्याखाली जे एनॅमल लागतं, ते तरी कुठे जाड असतं? वरच्या पुढच्या दाताच्या टोकाशी ते मिलिमीटरभर किंवा थोडं जास्त, मध्यावर त्याहून कमी आणि हिरडीजवळ जेमतेम 0.3-0.4 मिलिमीटर. म्हणजे दात कोरायचा बर हिरडीजवळ अर्धा मिलिमीटर आत गेला की एनॅमल संपून त्याखालचं डेंटिन लागलंच. डेंटिन ओलसर असतं, त्यात सूक्ष्म नळ्या असतात, ते थोडं लवतं. एनॅमल जवळजवळ सगळंच खनिज असतं, ताठ असतं आणि कोरडं करता येतं. बाथरूमची टाइल हातातून पडली तर फुटते, पण पक्क्या भिंतीवर नीट बसली की वर्षानुवर्षं हलत नाही. व्हिनिअरचं गणित तसंच आहे. त्याची ताकद पाठीमागच्या आधारात असते.

म्हणूनच या उपचाराचा इतिहास मुख्यतः चिकटवण्याचा आहे. चिनी मातीचे दात अठराव्या शतकापासून होते. 1930च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यानं हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी पातळ मुखवटे बनवले. बालकलाकार शर्ली टेंपलचे पडलेले दुधाचे दातही त्यानं असेच झाकले होते म्हणतात. पण ते मुखवटे कवळी चिकटवायच्या पावडरीवर टिकायचे. शॉट झाला की काढायचे आणि मग जेवायचं. खरी अडचण सोडवली ती मायकेल बुओनोकोर यांनी. कारखान्यात रंग नीट बसावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तीच युक्ती दातावर करून पाहिली. 1955 साली त्यांनी दाखवून दिलं की आम्ल लावलेल्या एनॅमलवर रेझिन कितीतरी घट्ट धरतं. काही वर्षांतच राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केलं. आजच्या बहुतेक ‘सिमेंट’ची आणि कॉम्पोझिटची जात तीच. एनॅमलची बाजू अशी सुटली, पण सिरॅमिकची आतली बाजू गुळगुळीतच होती. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायमनसन आणि कॅलामिया यांनी ती हायड्रोफ्लुओरिक आम्लानं खरबरीत केली, वर सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारं सिलेन लावलं, आणि पापुद्रा कायमचा बसू लागला. जुन्या फेल्डस्पारच्या पोर्सेलिनऐवजी आज बहुधा लिथियम डायसिलिकेट वापरतात. ते तीन-चार पट मजबूत आहे. चिकटवण्याचं तत्त्व मात्र तेच राहिलं.

बसवण्याची वेळ जवळून पाहिली की हे सगळं लक्षात येतं. लॅबमधून व्हिनिअर येतं ते छोट्या डबीत, फोमवर ठेवलेलं, आणि उजेडात धरलं तर आरपार दिसतं. आधी ते पाण्यानं किंवा ट्राय-इन पेस्टनं दातावर नुसतं ठेवून रंग बघायचा. मग आतल्या बाजूला हायड्रोफ्लुओरिक आम्ल, लिथियम डायसिलिकेटला साधारण वीस सेकंद. फेल्डस्पारला जास्त वेळ लागतो, म्हणून लॅबनं नेमकं काय पाठवलंय हे माहीत असायलाच हवं. धुऊन, सुकवून सिलेन. इकडे तोंडात रबर डॅम लावलेला, म्हणजे थुंकी आणि श्वासाची वाफ दातापर्यंत पोचत नाही. दातावर 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचा निळा जेल, मग पाण्याची धार, मग हवा. हवा मारल्यावर एनॅमल खडूसारखं पांढरट दिसलं पाहिजे. ज्या कोपऱ्यात ते तसं न दिसता पिवळट, चकचकीत राहतं, तिथे डेंटिन उघडं आहे. दहा वर्षांनी काठ सुटला तर बहुधा त्याच कोपऱ्यात सुटणार, हे तेव्हाच दिसत असतं. मग बॉन्ड, रेझिन सिमेंट, दोन बोटांनी हलका दाब, काठावरून ओघळलेलं सिमेंट कुंचल्यानं पुसायचं आणि निळा प्रकाश टाकायचा. एका दाताला अर्धा तास सहज जातो. ‘एका तासात आठ’ अशी जाहिरात वाचली की मी रबर डॅमचा विचार करतो.

रंगाबद्दल थोडं. शेड गाइड दाताजवळ धरायची ती खुर्चीत बसल्या बसल्या, बाकी काही करण्याआधी. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसतो. त्या रंगाचं व्हिनिअर दुसऱ्या दिवशी वेगळं उठून दिसतं. एकाच मधल्या दाताचं व्हिनिअर जुळवणं हे सहा दातांपेक्षा अवघड काम. सहाही बदलले तर तुलना करायला शेजारी उरतच नाही! काही ठिकाणी एका तुटक्या दातासाठी आलेल्या पेशंटला सहाचं पॅकेज सांगितलं जातं, त्यामागे विक्री असतेच, पण ही पळवाटही असते.

टिकतं किती? यावरचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचले तर गंमत दिसते. ऑस्ट्रेलियातल्या लेटन आणि वॉल्टन यांच्या 2012च्या अभ्यासात फेल्डस्पारची व्हिनिअर दहा वर्षांनी 96 टक्के आणि वीस वर्षांनी 91 टक्के टिकलेली आढळली. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात दहा वर्षांनी साडेत्र्याण्णव, वीस वर्षांनी त्र्याऐंशी टक्के. बेल्जियममधल्या प्यूमन्स यांच्या गटानं मात्र दहा वर्षांनी काहीही दुरुस्ती न करता ठीक असलेली 64 टक्केच मोजली. उरलेल्यांतली बरीचशी दुरुस्त होण्यासारखी होती. एवढा फरक कशामुळे? एक तर ‘टिकलं’ कशाला म्हणायचं याची मापं वेगळी. दुसरं महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात बंधाचा 80 टक्के भाग तरी एनॅमलवर असलेलीच व्हिनिअर घेतली होती. इस्तंबूलच्या गालिप गुरेल यांनी 2013 साली बारा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात डेंटिनपर्यंत कोरलेल्या दातांवरची व्हिनिअर अपयशी ठरण्याची शक्यता एनॅमलवरच्यांच्या दहापट निघाली. ऑस्ट्रियाच्या अभ्यासात रात्री दात खाणाऱ्यांना असा धोका सुमारे पावणेआठपट होता. म्हणजे ‘पंधरा-वीस वर्षं टिकतं’ हे वाक्य खरं आहे, पण ते अशा दातांवरचं आहे ज्यांच्यावर एनॅमल आहे आणि जे झोपेत करकर वाजत नाहीत. झोपेत दात खाल्ले जातात हे सहसा स्वतःला कळत नाही, म्हणून बायकोला किंवा नवऱ्याला बरोबर आणायला सांगावं लागतं.

आता पेशंट कोणकोण येतात ते पाहू, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

सर्वांत जास्त दात तुटतात ते आठ ते बारा वयाच्या पोरांचे, आणि तेही वरचे मधले. दात पुढे असलेल्या मुलांना हा धोका साधारण दुप्पट. या वयात व्हिनिअरचं नाव काढू नये. आतली नस मोठी असते, हिरडी अजून वर सरकायची असते, मूळही पूर्ण झालेलं नसतं. इथे सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुटलेला तुकडा शोधून आणणं. दुधात किंवा निदान पाण्यात ठेवून तो आणला तर तोच बॉन्डिंगनं परत बसवता येतो आणि रंग शंभर टक्के जुळतो, कारण तो त्याच दाताचा असतो! कागदात गुंडाळून, सुकलेला तुकडा आणला तरी काही वेळ भिजवून वापरता येतो. अख्खा दात मुळासकट निखळला तर गोष्ट वेगळी. मूळ न घासता, वरचा भाग धरून तो लगेच जागेवर दाबायचा, नाही जमलं तर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठायचा. ही एवढी माहिती प्रत्येक शाळेच्या पीटीच्या सरांना असती तर केडगावातली निम्मी पुढची कामं झालीच नसती, असं मला पुष्कळदा वाटतं.

तुकडा सापडलाच नाही तर कॉम्पोझिट. पेशंटच्या भाषेत ‘दातासारखं सिमेंट भरणं’. दात जवळजवळ कोरावा लागत नाही, एका बैठकीत होतं, खर्च सिरॅमिकच्या काही अंशच. पाच-सात वर्षांत ते झिजतं, चहा-हळदीनं पिवळं पडतं, मग घासून पुन्हा चमकवायचं किंवा बदलायचं. लहान टवक्याला मी वयानं मोठ्या माणसालाही आधी हेच सुचवतो. काहींना ते ‘साधं’ वाटतं. महाग ते चांगलं, हा समज दाताच्या दवाखान्यातही तितकाच घट्ट आहे.

दुसरा पेशंट लहानपणी आपटलेला आणि हळूहळू काळा पडलेला दात घेऊन येतो. नस केव्हाच मेलेली असते. अशा दाताला आधी रूट कॅनाल, मग आतून ब्लीचिंग. काळ्या दातावर अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक पापुद्रा लावला तर काळेपणा करडा होऊन वर येतो, आणि तो झाकायला अपारदर्शक सिरॅमिक वापरलं तर दात खडूसारखा मेलेला दिसतो. कित्येकदा ब्लीचिंगनंच काम भागतं आणि पेशंट व्हिनिअर विसरून जातो.

तिसरे, पाण्यातल्या फ्लोराइडनं डागाळलेले दात. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत हा प्रश्न जुना आहे. कामधंद्यासाठी तिकडून इकडे आलेली माणसं तपकिरी पट्टे घेऊन येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. मधल्या दातांचा वरचा भाग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होऊन जातो, म्हणून मोठेपणी फिल्टर बसवून डाग जात नाहीत. बोअरच्या पाण्यावर लेकरू वाढत असेल तर मात्र ते तपासून घ्यायलाच हवं. डाग वरवरचे असतील तर मायक्रोअॅब्रेजन, ब्लीचिंग, रेझिन इन्फिल्ट्रेशन यांनी पुष्कळ फरक पडतो. एनॅमलला खड्डे पडून ते सुटायला लागलं असेल तर व्हिनिअरला खरं कारण मिळतं. पण फ्लोराइडचं वरचं एनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही, तिथे जास्त वेळ आणि जास्त काळजी लागते.

मग मिश्री. आमच्याकडे अजूनही पन्नाशीपुढच्या बायका सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटानं घासतात. दाताचा पुढचा भाग, विशेषतः हिरडीजवळ, झिजून खाच पडते, डेंटिन उघडं पडतं, थंड पाणी झोंबतं. सून म्हणते, ‘‘आत्याबाईंचे दात चांगले करून द्या, नातवाचं लग्न आहे.’’ व्हिनिअरला जिथे एनॅमल हवं नेमकं तिथलंच गेलेलं असतं. आधी मिश्री बंद, मग खाचा भरायच्या, पुढचं पुढे. गुटखा-सुपारी खाणारा तरुण आला तर मी आधी तोंड किती उघडतं ते बघतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तोंडात दोन बोटंही न मावणारे पंचविशीतले पोरगे तरीही येतात. त्यांच्याशी दाताच्या रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. गालाच्या आतले पांढरे पट्टे आधी तपासायला हवेत.

हिरडीतून रक्त येत असेल तर कुठलंच बॉन्डिंग धरत नाही. सफाई करायची म्हटलं की ‘‘सफाई केली की दात हलतात’’ हे ऐकावं लागतं. दात आधीच हलत असतात, किटणानं नुसते एकमेकांना धरून ठेवलेले असतात.

कॅपबद्दल लोकांच्या मनात घोळ आहे आणि तो कधी कधी मुद्दाम ठेवला जातो. एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांनी 2002 साली दाखवलं की व्हिनिअरसाठी दाताच्या हिरडीबाहेरच्या भागातला 3 ते 30 टक्के भाग जातो, तर पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. चारही बाजूंनी दात पेन्सिलीसारखा कोरला गेला असेल आणि बिलावर ‘व्हिनिअर’ लिहिलं असेल, तर ते व्हिनिअर नव्हे. इंग्लंडची तरणी पोरं तुर्कस्तानात जाऊन चांगले दात असेच कोरून घेतात आणि काही वर्षांनी नसा मेल्या म्हणून घरच्या डॉक्टरकडे येतात, यावर तिकडे बराच गदारोळ झाला. आपल्याकडे त्याला विमानाचं तिकीट लागत नाही. कॅपला विरोध नाही. दात निम्म्याहून जास्त तुटला असेल, रूट कॅनाल होऊन पोखरला असेल तर कॅपच योग्य. अखंड दात मात्र कॅपसाठी कोरू देऊ नये.

लग्नसराईत फोन येतो, ‘‘पोरीला परवा पाहायला येणार आहेत.’’ परवापर्यंत व्हिनिअर होत नाही. माप किंवा स्कॅन, मेणाचा नमुना, तोंडात तात्पुरतं मॉकअप लावून बोलून-हसून पाहणं, मग लॅब. आठ-दहा दिवस आणि तीन-चार फेऱ्या धराव्यात. परवासाठी कॉम्पोझिट आहे, आणि ते केल्यावर बऱ्याच जणी पुन्हा व्हिनिअरबद्दल विचारायला येत नाहीत.

खर्च दाताला हजारांत मोजायचा, आणि लिथियम डायसिलिकेट चांगल्या लॅबचं असेल तर आकडा सहज पाच अंकी होतो. स्वस्तात हवं असेल त्यांनी वडगाव गुप्ताचं यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय, लोणीचं प्रवरेचं रुरल डेंटल कॉलेज किंवा संगमनेरचं एसएमबीटी गाठावं. फेऱ्या जास्त होतील, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं. आरोग्यविम्यात दाताचे बाह्यरुग्ण उपचार बहुधा धरत नाहीत, अपघात असेल तर अटी पाहाव्यात. अपघातात किंवा मारामारीत दात मोडला असेल तर पहिल्याच दिवशी फोटो, एक्स-रे आणि डॉक्टरांची नोंद करून घ्यावी. आपल्या फौजदारी कायद्यात दात मोडणं ही हाड मोडण्याच्या बरोबरीची ‘गंभीर दुखापत’ आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 320 व्या कलमात तसं होतं आणि 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या 116 व्या कलमातही आहे. दात आधी दुरुस्त करून मग पोलीस स्टेशनला गेलं तर दाखवायला काही उरत नाही.

शेवटी वयाचा हिशेब. व्हिनिअर उत्तम बसलं तरी ते कधी ना कधी बदलावं लागतं, आणि जुनं बरनं काढताना खालच्या एनॅमलचा थोडा थर दर वेळी जातो. अठराव्या वर्षी बसवलं तर पन्नाशीपर्यंत दोनदा तरी बदलणं आलं, आणि तिसऱ्या खेपेला खाली बहुधा डेंटिनच असतं, मग कॅप. चाळिशीत पहिल्यांदा बसवणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही. म्हणून पंचविशीच्या आतल्यांना मी कॉम्पोझिटवरच ठेवतो आणि वर्षातून एकदा पॉलिशला बोलावतो. ज्यांच्या दाताला खरंच व्हिनिअर लागतं, त्यांना लॅबचं कार्ड घरी नीट जपून ठेवायला सांगतो. त्यावर सिरॅमिकचं नाव आणि शेड असते. उद्या पुण्यात किंवा दुबईत काठाचा टवका उडाला, तर तिथल्या डॉक्टरला दुरुस्ती करताना त्याच दोन गोष्टी लागतात.